नहरपारची दहावी

निवृत्तीनंतर बायका काशीला जातात, चारधाम करतात. मी चंडीगडला शाळा बघायला गेले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. सगळी नोकरी वाशीम जिल्ह्यात केंद्रप्रमुख म्हणून शाळा तपासत हिंडण्यात गेली, आता तरी बस कर म्हणाले. पण जित्याची खोड! शाळेची घंटा ऐकली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात आणि वर्गात डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

निमित्त झालं गौरीचं. गौरी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. ती तिथल्या विद्यापीठात संशोधन करते आणि जावई मोहालीत आयटीत आहेत. चंडीगडपासून दीडेक तासावर एक छोटासा ग्रामीण जिल्हा आहे. तिथल्या सरकारी शाळांच्या दहावीच्या निकालात इतकी तफावत का, हा गौरीचा अभ्यास. पुस्तकं तीच, पगार तेच, गावंही साधारण एकसारखीच, तरी एक शाळा पार शिखरावर आणि दुसरी तळाला. तिला उत्तर सापडलं होतं आणि ते लवकरच खात्याच्या साहेबांपुढे मांडायचं होतं. फोनवर म्हणाली, "मावशी, तू नेहमी म्हणतेस ना, शाळा दारातूनच कळते? मग ये आणि बघ एकदा." असं आव्हान दिल्यावर मी थांबते होय!

गौरीच्या घरी

फेब्रुवारी लागला होता, तरी तिकडची थंडी आपल्या पौषाला लाजवेल अशी. मी कानटोपी घालूनच स्टेशनवर उतरले. गौरीची आठ वर्षांची ओवी मला बघून खुदकन हसली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. मी विचारायचं मराठीत, तिनं सांगायचं हिंदीत, आणि आमचं दोघींचं उत्तम चालायचं.

चंडीगड मला आवडलं, हे आधी सांगून टाकते. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी झाडं, चौकाचौकात फुलं. कुणी उगीच हॉर्न वाजवत नाही. पण सगळं इतकं आखीव, की माझ्यासारखीची पंचाईत होते. पहिल्याच सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि चुकले. प्रत्येक गल्ली तशीच, प्रत्येक फाटक तसंच, बाजारही त्याच त्या घडणीचा. आपल्याकडे कसं, मारुतीच्या पारापासून डावीकडे म्हटलं की झालं. इथे नंबर ठाऊक हवा आणि मी तो घरीच विसरलेले. शेवटी एका सरदारजींनी मला चहा पाजून, आपल्या सुनेकडून गौरीला फोन लावून घेऊन, गाडीतून घरी आणून सोडलं. ओवीनं विचारलं, "मावशीआजी, धनिया कहाँ है?" ती राहिली होती त्यांच्या गाडीत.

दुपारी गौरीनं तिचं काम समजावून सांगितलं. शिखरावरची शाळा म्हणजे धान्यबाजाराच्या गावातली, तिला सगळे मंडीची शाळा म्हणतात. तळाची शाळा तिथून सहा-सात किलोमीटरवर, कालव्यापलीकडे. कालव्याला तिकडे नहर म्हणतात, म्हणून ती नहरपारची शाळा. गौरीच्या मते फरक होता मुख्याध्यापकांचा. मंडीचे बलबीरसिंग सर शिस्तीचे, धडाडीचे. नहरपारच्या परमजीत कौर मॅडम मायाळू, पण ढिल्या. आणि अशा मागे पडलेल्या शाळांमधला दहावीचा वर्ग बंद करून मुलं जवळच्या चांगल्या शाळेत घालावीत, असं खात्याच्या मनात होतं. गौरीच्या अभ्यासाचा त्याला आधार मिळणार होता.

"आणि नहरपारच्या मुली? त्या मंडीला जातील?" मी विचारलं.

"बस आहे, मावशी."

बस काय आपल्याकडेही असते. गावातली शाळा बंद झाली की किती मुली त्या बसमध्ये चढतात, हे मी जन्मभर पाहिलंय. पण पहिल्याच दिवशी भाचीशी वाद नको म्हणून गप्प बसले. माझ्या घरचे हे वाचून विश्वास ठेवणार नाहीत.

मंडीची शाळा

गौरी आणि मी शहराबाहेरच्या मुल्लानपूरकडून निघालो. अर्धवट उभे राहिलेले टॉवर, क्रेन, मोठमोठ्या जाहिराती, आणि त्यांच्या पायाशीच गव्हाची हिरवीगार शेतं. पुढे नुसती शेतंच लागली. मोहरी पिवळीधमक फुललेली. आमच्याकडे सोयाबीन काढून झाल्यावर रान कसं भकास दिसतं, आणि इथे बघावं तिकडे पाणी खेळतंय. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मंडीची शाळा बघून मात्र हेवा पार पळाला आणि नुसतं कौतुक उरलं. फाटकातून आत शिरले, तर अंगणात काडी दिसेना. नळांना तोट्या होत्या, आणि त्या गळत नव्हत्या. ज्यांनी सरकारी शाळा पाहिल्यात त्यांना कळेल मी काय म्हणते ते! मरून स्वेटर घातलेली मुलं रांगेनं प्रार्थनेला उभी. बलबीर सर उंचेपुरे, पांढऱ्या दाढीचे, निवृत्तीला आलेले. हात जोडून "सत श्री अकाल" म्हणाले आणि पहिल्यांदा मला प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या नळ्यांवर धूळ नव्हती, म्हणजे त्या वापरात होत्या.

त्यांची एक पद्धत मला फार आवडली. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने दहावीची मुलं संध्याकाळी गावच्या गुरुद्वाऱ्याच्या दालनात अभ्यासाला बसतात. ग्रंथीजी, म्हणजे तिथले पाठ करणारे, लाउडस्पीकरवरून गावाला सांगतात, मुलं अभ्यासाला बसली आहेत, घरातले टीव्ही बारीक करा. लंगरमधून चहा येतो. आपल्याकडे दवंडी पिटायचे, तसंच हे, पण अभ्यासासाठी. शाळेचं यश गावाचं कसं करावं, ते या माणसाला बरोबर कळलं होतं.

शिपाईदादांनी लस्सीचा पेला आणला. पेला कसला, लहानसा तांब्याच होता तो. मी निम्मी संपवली तर सरांनी वरून आणखी ओतायला सांगितली. नको म्हणणं हा त्यांच्याकडे नुसता एक शिष्टाचार समजतात, कुणी ते खरं मानत नाही.

लस्सी जिरावी म्हणून वर्गांतून फिरले. सवयीनं मोजलं. नववी दोन खोल्यांत भरलेली, दहावी एकाच खोलीत, तीही ऐसपैस. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्याकडे ही जुनी चाल आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के हवा असला की कच्ची मुलं नववीतच गाळायची, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायची. मग शाळा निकालाचे फलक लावायला मोकळी. म्हणून मी सरांना सरळ विचारलं, नववीतली बाकीची कुठे जातात? गौरीनं माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर पाणी पाणी झाली असती. सर म्हणाले, इकडे-तिकडे जातात जी, आणि लगेच मला त्यांचं किचन गार्डन दाखवायला घेऊन गेले. पालक छान होता. निघताना त्यांनी बजावलं, उद्या संध्याकाळी आमच्या घरी जेवायचं, पक्कं. गौरीनं हो म्हटलं.

नहर ओलांडून

दुसऱ्या दिवशी नहरपार गेलो. शाळा लहान, भिंतीचा रंग उडालेला, पण ओसरी सारवल्यासारखी स्वच्छ. परमजीत मॅडम दारातच भेटल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावर ओढणी, हाताला खडूची पांढरी भुकटी. मुख्याध्यापकाच्या हाताला खडू लागलेला दिसला की मी निम्मी तिथेच विरघळते.

त्यांच्याकडे कोण येतं? जवळ वीटभट्ट्या आहेत, तिथली मुलं. बिहारमधून शेतीच्या कामाला आलेल्यांची. वर्षाच्या मध्येच येणारी, मध्येच जाणारी. मॅडम कुणाला परत पाठवत नाहीत, मग जून असो की डिसेंबर. मी म्हटलं, निकालाचं काय? त्या म्हणाल्या, आलेल्या पोराला सांगू का, की तुझ्यामुळे माझा निकाल बिघडेल?

दहावीच्या वर्गात त्या मला घेऊन गेल्या. तिथली रीत मी कधीच, कुठेच पाहिली नव्हती. काल ज्याला गणित आलं नाही आणि आज आलं, त्यानंच उठून ते फळ्यावर शिकवायचं. ज्याला आधीपासून येतं त्याला नाही. हुशार मुलगा भराभर सोडवून मोकळा होतो. काल अडलेल्याला मात्र बरोबर ठाऊक असतं की पाय कुठे अडकतो. एक मुलगी उठली आणि निम्म्या पंजाबीत, निम्म्या भोजपुरीत वर्गसमीकरण शिकवायला लागली. मध्येच थांबून म्हणाली, इथे मी चुकले होते, इथे तुम्हीही चुकाल.  इतकी प्रशिक्षणं केली, दिली, पण एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

आणि तेव्हाच माझं लक्ष स्वेटरांवर गेलं. नहरपारचा स्वेटर निळा. पण या वर्गात निम्म्या मुलांच्या अंगावर मरून स्वेटर होते. मंडीच्या शाळेचे. आठवीत डोकावले, सगळे निळे. नववीतही निळे. मरून फक्त दहावीत. गरिबाघरची माणसं शाळा बदलली म्हणून नवा स्वेटर घेत नाहीत, जुनाच फाटेस्तोवर घालतात. इकडे-तिकडे म्हणजे कुठे, ते मला आत्ता कळलं.

मी गौरीला कोपरानं ढोसलं. ती आधी उन्हाळ्यातच येऊन गेली होती. उन्हाळ्यात कोण स्वेटर घालतं? तिनं एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाई खालीच बसली. तिच्या अभ्यासात मंडीचा निकाल चांगला होता आणि नहरपारचा वाईट. पण मंडीनं नको म्हटलेली मुलं नहरपारनं घेतली होती, आणि त्यांचेच गुण नहरपारच्या माथी मारून तो वर्ग बंद व्हायचा होता.

माध्यान्ह भोजनात कढी-भात होता. मी पोटभर खाल्ला. कढीत भजी होती, आपल्यासारखी पातळ नव्हे, दाट आणि आंबट. मॅडम काही तक्रार करत नव्हत्या, उलट मला वाढत होत्या. निघताना म्हणाल्या, आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचं, नाही म्हणायचं नाही. गौरीनं घाबरून पुन्हा हो म्हटलं.

दोन आमंत्रणं

गाडीत आमची मोठी चिंता सुरू झाली. एका संध्याकाळी दोन घरी जेवायचं कसं? पंजाबी घरात थोडंसं खाल्लं असं काही नसतंच. गौरी म्हणाली, एकीकडे नुसतं सूप मागू. मी म्हटलं, वेडी झालीस का, सूप मागितलंस तर ते कोंबडी कापतील. शेवटी ठरलं, आधी सरांकडे भाकरतुकडा मोडायचा आणि मग मॅडमकडे जायचं.

सरांचा पत्ता विचारत मंडीतल्या एका घरासमोर थांबलो. बेल वाजवली. दार उघडलं परमजीत मॅडमनी.

मला वाटलं आपण पत्ता चुकलो. तेवढ्यात मागून बलबीर सर आले, घरातला साधा पटका बांधून, हातात मुळ्याची जुडी. नवरा-बायको! आपल्याकडे जोशी सर आणि जोशी मॅडम म्हटलं की कुणालाही शंका येते. इथे हा सिंग, ती कौर, आणि अर्ध्या पंजाबात सिंग आणि कौरच. दोन वर्षं काम करून गौरीला पत्ता नव्हता. एकाच जेवणाचं आमंत्रण दोघांनी आपापल्या परीनं दिलं होतं. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

जेवण काय सांगू! मक्याची रोटी, सरसोंचा साग, वर लोण्याचा गोळा. ज्वारीच्या भाकरीची मी कट्टर बाई, पण त्या रोटीपुढे मान तुकवली. गाजर-शलगम-फ्लॉवरचं आंबटगोड लोणचं होतं. मी वाशीमहून नेलेला ठेचा काढला. सरांनी चमचाभर तोंडात टाकला आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, बहुत अच्छा है जी. मॅडम खळखळून हसल्या. त्या घरात प्रेम होतं, ते दिसतच होतं. घरात शाळेचा विषय काढायचा नाही असा त्यांचा नियम होता, तेही हसतहसतच सांगितलं दोघांनी.

पण मला कुठे राहवतं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी विचारलं, "सर, मॅडमच्या दहावीत तुमचे मरून स्वेटर किती आहेत?"

गौरीनं डोळे मिटले. सरांचा घास हातातच राहिला. मॅडम उठून रोट्या आणायला गेल्या आणि लवकर परत आल्या नाहीत.

मग सर बोलले. आडपडदा ठेवला नाही, याचं मला नवल वाटलं. म्हणाले, पालकांना पहिला नंबर हवा, खात्याला हवा, गावाला हवा. कच्च्या मुलाला मी नापास करून घरी बसवत नाही. त्याला स्कूटरवर बसवून हिच्या शाळेत सोडून येतो, कारण अशा मुलांना हिच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते त्यांना समजत होतं.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पढ़ा लूँगी जी, जितने भेजोगे. पर मेरी क्लास बंद हुई तो भट्टेवाली लड़कियाँ कहाँ जाएँगी? आपके पास? आप तो रखते नहीं."

हे त्यांनी आजवर नवऱ्याला म्हटलं नव्हतं. नियम होता ना! सरांनी ताट बाजूला सारलं नाही, चिडले नाहीत, फक्त पाहुण्यांसमोर आपली मान खाली घातली. मला माझ्याच जिभेचा राग आला आणि तरी विचारलं ते बरं झालं असंही वाटलं.  परतीच्या वाटेवर गौरी मॅडमनी बांधून दिलेल्या पिन्नीच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती.

साहेबांपुढे

पुढचे दोन दिवस गौरीनं तिचा अभ्यास मोडून पुन्हा मांडला. मी ओवीला सांभाळलं, स्वयंपाक केला, आणि मध्येमध्ये नको ते सल्ले दिले. एवढं तयार काम स्वतःच्या हातानं मोडायला जिगर लागते. पोरीचा मला अभिमान वाटला आणि मी तिला तसं सांगितलंही, कारण आपल्या घराण्यात हे कुणी सांगत नाही.

बैठकीला मलाही मागच्या खुर्चीवर बसू दिलं. जिल्ह्यातले मुख्याध्यापक आलेले. बलबीर सर कडक इस्त्रीच्या पगडीत, मॅडम त्यांच्यापासून चार खुर्च्या लांब. गौरीनं सांगितलं, शाळेचा निकाल नुसत्या दहावीवरून मोजू नका. मूल जिथे आठवी शिकलं, त्या शाळेच्या खात्यावरही ते धरा. साहेब समंजस होते, पण म्हणाले, मॅडम, मुलं आपल्या मर्जीनं शाळा बदलतात. आम्ही त्यांना काढलं असं कोणता मुख्याध्यापक कबूल करेल?

खोलीत सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. घरोघरी मातीच्या चुली असतात, त्यातला प्रकार.  मी परमजीत मॅडमकडे पाहिलं, तर त्या नवऱ्याकडे बघतच नव्हत्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

बलबीर सर उभे राहिले.

"नहरपार में जो मरून स्वेटर वाले हैं, वो मेरे बच्चे हैं. मैंने निकाले थे. उनके नंबर मेरे स्कूल में जोड़ दीजिए."

साहेब म्हणाले, सरदारजी, मग तुमची शाळा पहिली राहणार नाही. शेवटचं वर्ष आहे तुमचं, विचार करा. सर म्हणाले, ना रहे जी. आणि खाली बसले. त्यांच्या मागे आणखी दोघा मुख्याध्यापकांनी हळूच हात वर केले, तेव्हा मी नाक शिंकरण्याच्या निमित्तानं रुमाल काढला. नहरपारचा वर्ग चालू राहील, असं साहेबांनी तिथेच सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात मी पेढे वाटायच्या बेतात होते. पण परमजीत मॅडम तशाच गंभीर. नवऱ्याला म्हणाल्या, माझा वर्ग वाचवलात, चांगलं केलंत. पण त्या मुलांना तुम्ही नको म्हणालात, ते त्यांना अजून आठवतंय. सरांनी स्कूटर काढली. दोघं एकाच स्कूटरवर बसून गेले.

मी दोन दिवसांनी गाडीत बसले. घरी आल्यावर सगळ्यांना चंडीगडची फुलं, तळं, मक्याची रोटी असं सांगत राहिले. मनात मात्र मॅडमचं ते वाक्य होतं. आमच्याकडच्या नववीतल्या किती पोरांना ते आठवत असेल, कुणास ठाऊक.

मग एके दिवशी गौरीचा फोन आला. परीक्षा संपली होती, नहरपारच्या मुलांचे निकाल अजून यायचे होते. पण परीक्षेच्या आधी एक गोष्ट घडली होती, ती तिला आत्ता मॅडमकडून कळली. बैठकीनंतरच्या सोमवारी बलबीर सर नहरपारच्या दहावीत जाऊन उभे राहिले. मरून स्वेटरवाल्यांना म्हणाले, माझं चुकलं. तुमच्या जागा ठेवल्यात, परत चला, इथल्यापेक्षा तिथे प्रयोगशाळा चांगली आहे. मॅडमही म्हणाल्या, जा रे, तुमचं भलं होईल.

कुणी उठलं नाही. सर उभेच. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, तेव्हा त्यांना वाटलं, चला, एक तरी तयार झाली.

ती म्हणाली, "सरजी, हम चले गए तो मैडम की क्लास बंद हो जाएगी. आप ही इधर आ जाओ ना."

तेव्हापासून परीक्षेपर्यंत मंडीची शाळा सुटली की सर स्कूटर काढायचे आणि नहर ओलांडून तिकडे विज्ञान शिकवायला जायचे. निवृत्तीनंतरही जाणार आहेत म्हणे.